धावपटू आणि जडीबुटी

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्राच्या नकाशात नंदुरबार जिल्हा शोधा. राज्याच्या अगदी वायव्य कोपऱ्यात तो दिसेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा तयार झाला. त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा वाहते. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या भागांतील पाडे डोंगरावर विखुरलेले आहेत. तेथील मुलामुलींना चढउताराची वाट लहानपणापासून पायाखालची असते. शाळा, पाणी, बाजार, सगळीकडे पायीच जायचे. अशा पायांना योग्य शिक्षण मिळाले, तर ते फार दूर पळू शकतात.

हे आपल्या राज्यातील खेळाडूंनी दाखवूनही दिले आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी गावच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यपदक आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्याकडे पाहून आज गावोगावी मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात.

सातपुडा जसा धावणाऱ्या पायांचा आहे, तसाच तो जडीबुटीचाही आहे. आवळा, बेहडा, हिरडा, गुळवेल अशा कितीतरी औषधी वनस्पती त्याच्या जंगलात वाढतात. म्हणून धावणाऱ्या मुलाला कोणी ना कोणी सांगतेच, "हा काढा घे, तू आजारी पडणार नाहीस." शहरातील दुकानदार तेच सांगतो, पण तो काढ्याऐवजी रंगीत डबा पुढे करतो. हे सांगणे कितपत खरे आहे? जडीबुटीने धावपटूची रोगाशी लढण्याची शक्ती खरोखर वाढते का? आणि वनस्पतीपासून केलेली वस्तू म्हणजे निर्धोकच असते का? या पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत.

आधी रोगाशी लढण्याची शक्ती म्हणजे काय ते पाहू. मराठीत तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'कुव्वते मुदाफअत' म्हणता. आपल्या रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही असतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. नाकातोंडातून किंवा जखमेतून रोगजंतू आत शिरले, की त्या त्यांना ओळखतात आणि नष्ट करतात.

रोजच्या मध्यम व्यायामाने हे पहारेकरी अधिक चपळ होतात. रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या माणसाला सर्दीपडसे कमी होते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण अतिशय लांब आणि जोराच्या धावण्याची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे ५६ किलोमीटरची एक शर्यत होते. १९८२ सालच्या शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत सुमारे ३३ टक्के धावपटूंना घसादुखी व सर्दी झाली. न धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. अमेरिकेत १९८७ सालच्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर अशीच पाहणी झाली. मॅरेथॉन धावलेल्यांपैकी १२.९ टक्के जण पुढच्या आठवड्यात आजारी पडले. ज्यांनी तयारी केली होती पण काही कारणाने शर्यतीत भाग घेतला नाही, त्यांच्यात मात्र फक्त २.२ टक्के आजारी पडले.

असे का होते? लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर रक्तातील काही पांढऱ्या पेशींची संख्या काही तास खाली येते. शरीरावर ताण आला की कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक वाढते. तेही या पेशींना थोडे मंद करते. म्हणून शर्यतीनंतरचा काही काळ म्हणजे जणू किल्ल्याचा उघडा राहिलेला दरवाजा, असे शास्त्रज्ञ म्हणू लागले. अलीकडे काही शास्त्रज्ञांनी याबद्दल शंका घेतली आहे. त्यांच्या मते पहारेकरी मरत नाहीत. ते रक्त सोडून फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहारा द्यायला जातात. मग धावपटू आजारी का पडतो? त्याची दुसरी कारणेही असतात. शर्यतीच्या ठिकाणी हजारोंची गर्दी असते. प्रवासात झोप होत नाही. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो. पोटात पुरेसे अन्न नसते. हा वाद अजून मिटलेला नाही. पण शर्यतीच्या आधी व नंतर धावपटूने स्वतःला जपले पाहिजे, यावर सर्वांचे एकमत आहे.

आता जडीबुटीकडे वळू. यातील बरीच नावे तुम्ही घरी ऐकली असतील, पण उर्दूतून. मराठीतील अश्वगंधा म्हणजे तुमचे असगंध. गुळवेल म्हणजे गिलोय. ज्येष्ठमध म्हणजे मुलेठी. आवळा म्हणजे आँवला. मराठी माणूस ज्याला काढा म्हणतो, तोच हकीमसाहेबांचा जोशांदा. नावे वेगळी असली, तरी आयुर्वेदाचे वैद्य आणि युनानीचे हकीम शेकडो वर्षे याच वनस्पती वापरत आले आहेत.

या वनस्पतींचा धावपटूला उपयोग होतो की नाही, हे कसे ठरवायचे? एखाद्या धावपटूने काढा घेतला आणि त्याला सर्दी झाली नाही, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कदाचित काढा न घेताही त्याला सर्दी झाली नसती. म्हणून शास्त्रज्ञ खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरे औषध देतात. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे खेळाडूंनाही माहीत नसते. मग दोन्ही गटांत किती जण आजारी पडले, ते मोजतात. ही कसोटी सोपी आहे आणि न्यायाची आहे.

या कसोटीवर क जीवनसत्त्व बऱ्यापैकी उतरले. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीतील काही धावपटूंना रोज ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देण्यात आले. शर्यतीनंतर त्यांच्यातील ३३ टक्के जणांना सर्दी झाली. नुसती गोळी घेतलेल्यांत मात्र ६८ टक्के जणांना झाली. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. पुढे मॅरेथॉन धावणारे, बर्फावर घसरत जाणारे आणि कडक थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा सुमारे ६०० लोकांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र विचार झाला. तेव्हाही सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आलेले दिसले. पण सामान्य माणसाला रोज क जीवनसत्त्व देऊन सर्दी टळत नाही, हेही त्याच अभ्यासात आढळले. फायदा होतो तो शरीराला फार कष्ट देणाऱ्यांना. आणि हे जीवनसत्त्व मिळविण्यासाठी महाग डबा लागत नाही. आवळ्यात ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पेरू आणि लिंबू यांतही ते भरपूर असते.

इतर वनस्पतींबद्दल मात्र इतके ठामपणे बोलता येत नाही. अमेरिकेतील एकिनेशिया नावाची फुलझाडाची मुळी सर्दीवर जगभर विकली जाते. तिचे प्रयोग पुष्कळ झाले, पण निकाल उलटसुलट आले. अश्वगंधाने दम थोडा वाढतो, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. पण धावपटूला त्यामुळे आजार कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही. गुळवेलीचेही तसेच आहे. म्हणजे या वनस्पती निरुपयोगी आहेत असे नाही. दुकानाच्या फलकावर जेवढे लिहिलेले असते, तेवढे अजून कोणी दाखवून दिलेले नाही, इतकाच याचा अर्थ.

आता दुसरा प्रश्न. "झाडपाल्याचे औषध आहे, अपाय कसला होणार?" असे लोक सहज म्हणतात. या वाक्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी एक जुनी हकीकत ऐका. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स नावाचा धावपटू पुढे होता, पण उन्हाने आणि थकव्याने तो गळून गेला. त्याच्या मदतनिसांनी त्याला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, दारू आणि स्ट्रिकनीन पाजले. हिक्स जिंकला, पण शेवटी त्याला स्वतःच्या पायांवर उभेही राहता येईना. लोकांनी धरून त्याला पुढे नेले. डॉक्टर जवळ होते म्हणून तो वाचला. हे स्ट्रिकनीन कोठून येते, माहीत आहे? ते येते आपल्या देशात वाढणाऱ्या कुचल्याच्या बीतून! कुचला हे झाडच आहे. वैद्य आणि हकीम ते शुद्ध करून अगदी थोड्या प्रमाणात वापरतात. पण तेच बी अजाण माणसाच्या हाती विष ठरते.

ज्येष्ठमध घशाला चांगले. पण ते रोज जास्त खाल्ले, तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते. चीनमधील इफेड्रा ही वनस्पती वजन कमी करण्यासाठी व ताकदीसाठी अमेरिकेत विकली जात असे. २००३ साली तेथील एक तरुण बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघाताने मरण पावला. त्याने इफेड्रा घेतले होते. त्यानंतर २००४ साली अमेरिकन सरकारने इफेड्रा घातलेल्या अशा उत्पादनांची विक्री बंद केली.

आपल्या राज्यातील उदाहरणही पाहू. २०२० साली करोनाच्या साथीत लाखो लोक रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढे पिऊ लागले. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना सहा रुग्ण असे आढळले, की ज्यांच्या यकृताला सूज आली होती. यकृत म्हणजे तुम्ही ज्याला जिगर म्हणता तो अवयव. हे सहाही जण गुळवेल घेत होते. पुढे देशातील अनेक रुग्णालयांतील डॉक्टरांनी अशा ४३ रुग्णांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध केली. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने मात्र वेगळे मत मांडले. खरी गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असावी, असे मंत्रालयाने म्हटले.

या दुसऱ्या वेलीला शास्त्रात टिनोस्पोरा क्रिस्पा म्हणतात. तिची पाने गुळवेलीसारखीच हृदयाच्या आकाराची असतात. तिच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे उंचवटे असतात. वाळवून पूड केली, की डोळ्यांना फरक कळत नाही. धावपटूने तर येथे दुप्पट सावध राहिले पाहिजे. या वेलीत हायजेनामाइन नावाचे द्रव्य असते आणि ते खेळाडूंसाठी कायम बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. म्हणजे चुकीची वेल घेतली तर यकृतालाही धोका आणि खेळालाही!

ही यादी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था दरवर्षी तयार करते. ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. भारतात हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था करते. तिला थोडक्यात 'नाडा' म्हणतात. २०२२ साली संसदेने त्यासाठी खास कायदाही केला. खेळाडूच्या लघवीची किंवा रक्ताची तपासणी होते. त्यात बंदी असलेले द्रव्य सापडले, तर "मला माहीत नव्हते" एवढे म्हणून सुटका होत नाही. आपल्या शरीरात काय जाते, याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची असते.

हा नियम किती कडक आहे, ते २०११ साली भारताला कळले. २०१० साली आपल्या महिला धावपटूंनी ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत राष्ट्रकुल आणि आशियाई अशी दोन सुवर्णपदके जिंकली होती. साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले. दुसऱ्याच वर्षी त्या चमूतील धावपटूंच्या तपासणीत बंदी असलेली द्रव्ये सापडली. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेली जिनसेंग या वनस्पतीची गोळी आम्ही घेत होतो, त्यातच भेसळ असावी, असे त्यांनी सांगितले. सुनावणी करणाऱ्या समितीने त्यांची बाजू ऐकून एक वर्षाची बंदी घातली. पण २०१२ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षे केली. लंडन ऑलिंपिकचे दार त्यांना बंद झाले. वर्षानुवर्षांचे कष्ट एका गोळीपायी वाया गेले.

अशी भेसळ क्वचितच होते, असे समजू नका. जर्मनीतील कोलोन शहराच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ पूरक पदार्थ विकत घेऊन तपासले. त्यांपैकी ९४ पदार्थांत ताकद वाढविणारी बंदी असलेली संप्रेरके निघाली. त्यांच्या लेबलावर त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. म्हणजे साधारण सात डब्यांमागे एक डबा फसवा होता.

मग धावपटूने करावे तरी काय? सर्वांत आधी पोटभर आणि चौरस जेवावे. उपाशी धावणाऱ्याची रोगप्रतिकारशक्ती कोणताही काढा वाढवू शकत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, भगर, डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या, अंडी, मासे, मटण यांतून बळ मिळते. शरीरात लोह कमी असेल तर दम लवकर लागतो. जेवणात लिंबू किंवा आवळा असला, की अन्नातील लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा प्यायला तर ते कमी शोषले जाते. सातपुड्याच्या भागात सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. कडक सराव सुरू करण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात त्याची आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.

दीड तासापेक्षा जास्त धावायचे असेल, तर वाटेत थोडी साखर शरीरात जाऊ द्यावी. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळाले, तर ताणाचे संप्रेरक कमी वाढते. त्यासाठी केळी, खजूर, गूळ किंवा लिंबू-साखर-मिठाचे पाणी पुरेसे आहे. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी जोराचा सराव इफ्तारनंतर करावा आणि दिवसा अंगमेहनत कमी ठेवावी.

झोप हे तर फुकटचे औषध आहे. अमेरिकेत १६४ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून एक प्रयोग झाला. रात्री सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक होती. तुमच्या वयाच्या मुलांना तर आठ ते दहा तास झोप हवी. सराव हळूहळू वाढवावा. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी. ताप असताना धावू नये. हात साबणाने धुवावेत. पाण्याची बाटली दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याची घेऊ नये. लसी वेळेवर घ्याव्यात.

आणि तरीही जडीबुटी घ्यावीशी वाटली तर? तर ती शिकलेल्या वैद्याला, हकिमाला किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. याच जिल्ह्यात अक्कलकुवा येथे युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थी अनेक वर्षे वनस्पतींचा अभ्यास करतात. कोणती मुळी, किती, कोणाला आणि किती दिवस, हे शिकायला त्यांना इतकी वर्षे लागतात. मग दुकानातील डब्यावरचे दोन शब्द वाचून ते आपल्याला कसे कळेल? तुम्ही स्पर्धेत उतरत असाल, तर औषध देणाऱ्याला ते आधी सांगा. बंदीच्या यादीशी औषधातील द्रव्ये ताडून पाहा. ज्या डब्यावर घटकांची नावे नाहीत, तो डबा हातात घेऊ नका. घटकांची नावे असली तरी पूर्ण खात्री धरू नका. काय, कधी आणि किती घेतले, याची नोंद वहीत ठेवा.

मित्रांनो, जंगल आपल्याला पुष्कळ देते. त्याचा मान राखायचा, म्हणजे त्यातील प्रत्येक पानाची नीट ओळख करून घ्यायची. उद्या तुम्ही मैदानावर उतराल, तेव्हा कोणी गोळी किंवा पूड पुढे करील. त्याला तीन प्रश्न विचारा : यात काय आहे? याचा उपयोग होतो, हे कशावरून? आणि यामुळे माझे काही नुकसान होईल का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर हात मागे घ्या आणि धावायला लागा.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पांढऱ्या पेशी शरीरात कोणते काम करतात?
(आ) स्ट्रिकनीन कोणत्या झाडाच्या बीतून मिळते?
(इ) क जीवनसत्त्वाचा फायदा कोणाला होतो?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) औषधाची परीक्षा घेण्यासाठी शास्त्रज्ञ दोन गट का करतात?
(आ) २०११ सालच्या घटनेवरून खेळाडूंनी कोणता बोध घ्यावा?

३. पुढील उर्दू शब्दांसाठी पाठात आलेले मराठी शब्द लिहा.
जिगर, मुलेठी, गिलोय, असगंध, जोशांदा.

४. तुमच्या घरी वापरल्या जाणाऱ्या पाच औषधी वनस्पतींची नावे मराठीत व उर्दूत लिहा. त्या कशासाठी वापरतात, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून वर्गात सांगा.